डाव्या भिंतीकडचे नट

मिस्त्रींनी चाकापाशी ओळंबा तिसऱ्यांदा सोडला आणि ओळंब्याने त्यांना तिसऱ्यांदा खोटं पाडलं. समोर लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. मागचं डावं चाक वरून बाहेर कललेलं, उजवं वरून आत. कालच ती दोन्ही त्यांनी स्वतः ताठ उभी केली होती.

गाडी दातांच्या डॉक्टरांची. दोन दातांत केसाएवढी फट दिसली तरी या गृहस्थांना जेवण जात नसे. सोमवारी ते आले तेच दाढ दुखत असल्यासारखे तोंड करून. "मिस्त्री, मागून बघा. एक चाक वाकडं वाटतं ना?"

"चालवताना ओढते का कुठे?"

"नाही हो. पण दिसतंय ना!"

गाडी आत घेतली, ओळंबा लावला, तर डावं चाक खरंच बाहेर झुकलेलं. संध्याकाळपर्यंत मिस्त्रींनी दोन्ही चाकं दोऱ्याला आणून ठेवली.

मंगळवारी डॉक्टर दारात. "आता ओढते! शेपूट हलवते नुसती!" निघताना सोपं जावं म्हणून त्यांनी गाडी उलटी आत घातली. एवढ्या वर्षांत त्या गॅरेजात असं कुणी केलं नव्हतं. मिस्त्रींनी ओळंबा सोडला. बिघाड आता उजव्या चाकात होता, आणि कालच्या दुप्पट. त्यांनी तोही काढला. आज बुधवार. गाडी सरळ आत आली होती, डॉक्टर बाजूलाच उभे होते आणि बिघाड डावीकडे परतला होता.

प्रश्न नुसत्या चाकाचा असता तर मिस्त्री घाबरले नसते. मुलगी दोन वर्षं मागे लागली होती, "कुलूप लावा आणि माझ्याकडे चला." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "डोळा शाबूत आहे तोवर नाही. डोळा गेला की किल्ली मीच तुझ्या हातात देईन." मुलीच्या घरची खोली त्यांनी पाहिली होती. खिडकीसमोर भिंत, भिंतीवर पाण्याचा पाइप, आणि दिवसभर बघायला तेवढंच. शिवाय फिरायला जायचं ते जावयाच्या गाडीतून. जावयाची गाडी सारखी उजवीकडे सरकायची. "नजर रस्त्यावर ठेवा, जावईबापू," असं मिस्त्री पाठीमागून म्हणत आणि मुलगी पुढून तेच जरा वरच्या पट्टीत.

बुधवारचा डबा घेऊन मुलगी आली तेव्हा मिस्त्री चाकाशी उकिडवे बसून डोळे चोळत होते.

"बाबा?"

"गेला गं डोळा," मिस्त्री म्हणाले. घरातलं माणूस गेल्याचं सांगावं तसं. डॉक्टरांनी उगाच हातातली गाडीची किल्ली खिशात घातली.

गॅरेजला लावायचं कुलूप खणातून काढायला उठताना मिस्त्रींनी हातातला नट जमिनीवर ठेवला. तो गडगडत गाडीखालून पार झाला आणि डाव्या भिंतीला टण्णकन लागला. त्या गॅरेजात हरवलेली प्रत्येक गोल वस्तू डाव्या भिंतीशीच सापडायची. त्यांची बायको होती तेव्हा म्हणायची, "घराला नाही, पण तुमच्या नटांना तरी शिस्त आहे." मिस्त्रींना त्या शिस्तीचा अभिमान होता. गॅरेजच्या बारा वर्षांत तिचं कारण शोधावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांनी नटापासून भिंतीपर्यंतची जमीन नजरेने मोजली. मग मुलीला म्हणाले, "तो पत्र्याचा ट्रे आण. पाणी घाल त्यात."

जमिनीवर ठेवलेल्या ट्रेतलं सगळं पाणी डाव्या काठाशी जाऊन बसलं. उजवीकडचा पत्रा कोरडाच राहिला.

"डोळा शाबूत आहे!" मिस्त्री ओरडले. "जमीन खचलीय!"

"म्हणजे माझ्या गाडीत बिघाड..." डॉक्टर म्हणाले.

"नव्हताच. तिरक्या जमिनीवर सरळ करताना मी घातला. सोमवारी एक, मंगळवारी एक."

"पण मला तर आधीपासून दिसत होता!"

"तुम्हाला कुणाचं तोंड आजवर सरळ दिसलंय का, डॉक्टर?"

डॉक्टरांनी विचारलं, "मग बाकीच्यांच्या गाड्या?"

मिस्त्रींचा आनंद जेमतेम एवढाच टिकला. बारा वर्षं. गावातली निम्मी चाकं याच जमिनीवर, याच दोऱ्याने सरळ केलेली. आजवर कुणी तक्रार केली नव्हती. सगळ्यांनी रस्त्यांना शिव्या घातल्या होत्या.

"डोळा गेला असता तर बरं होतं," ते खाली बसत म्हणाले. "नुसतं घरी बसायचं होतं. आता एकेकाच्या दारात जाऊन सांगावं लागेल."

मुलगी मात्र दुसऱ्याच हिशोबात होती. "बाबा, आमच्या ह्यांच्या गाडीची चाकं कुणी केली होती?"

"मीच. चार वर्षं झाली."

"चार वर्षं," ती म्हणाली. त्या चार वर्षांत ती जे जे बोलली होती ते तिच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं. मग तिने खणातून कुलूप काढलं, किल्लीसकट वडिलांच्याच हातात ठेवलं आणि आवाज खाली आणला.

"आधी जमीन करून घ्या. मग लोकांच्या गाड्या करा, पाहिजे तितके दिवस लागू देत. पण ह्यांची एकदम सरळ करू नका हं. दर महिन्याला थोडी थोडी. म्हणजे ह्यांना वाटेल, बायकोच्या बोलण्याने आपण सुधारलो."