भिंगरीने बनवला चिखलाचा नकाशा

मुलांनो, एका जंगलात चक्क मोजणी खातं होतं. अधिकारी एकच, घारबाई. त्या उंच उडत, मान सरळ खाली घालत आणि दिसेल ते काढत. त्यांच्या नकाशात वड म्हणजे हिरवा ठिपका आणि हत्ती म्हणजे करडा ठिपका.

एकदा सिंहमहाराजांना फिरायला रस्ता हवा झाला. नकाशात मध्येच एक रेघ आडवी येत होती.

"ही रेघ कसली?"

"किरकोळ आहे, महाराज. वरून तिथे कुणी राहताना दिसत नाही."

"मग हत्ती लावा आणि सपाट करा!"

ती रेघ म्हणजे दोनशे हात उंच कडा होता. त्याला चिखलाची घरटी चिकटवून भिंगरी नावाच्या पाखरांचं गाव वसलं होतं. त्यातल्या एकीची चार अंडी होती. ती धावतपळत घारबाईंकडे गेली.

"बाई, आमची घरं आहेत हो तिथे!"

"नकाशात नाहीत."

"जरा तिरकं बघा ना."

"तिरकं? खात्यात तशी पद्धत नाही."

हत्ती परवा येणार होते. भिंगरी स्वतःच उडाली. एकदा सरळ खाली बघितलं, मग मान कलती करून चारही दिशांनी. एकच दगड दोन बाजूंनी पाहिला की त्याची उंची कळायची. सगळं जुळवून तिने सख्यांसोबत चिखलाचं हुबेहूब जंगल उभं केलं.

दरबारात महाराज त्याभोवती फिरले. "अरेच्चा, हा तर कडा! आणि ही भोकं?"

"दारं, महाराज. एकशे चाळीस घरं."

महाराजांना गहिवरून आलं. हत्ती परत फिरवले गेले. भिंगरीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात महाराज वाकले. "माझ्या गुहेसमोर ही टेकडी कधी आली?"

दरबार जमिनीकडे बघू लागला. भिंगरी बिचारी खरं बोलायला शिकलेली.

"टेकडी नाही, महाराज. आपण कुशीवर झोपला होतात. ते आपलं पोट."

घारबाई हळूच खाकरल्या. "माझ्या नकाशात महाराज सडपातळ आहेत."

त्याच दिवशी घारबाईंना बढती मिळाली. भिंगरीला शाल मिळाली आणि राजधानीवरून उडायची बंदी. तिने शाल घरट्यात अंथरली आणि अंड्यांवर जाऊन बसली.

तात्पर्य : कडा चारही बाजूंनी पाहावा. महाराजांना मात्र वरूनच पाहावं, तेही ढगाळ दिवशी.