चालू नेटची तक्रार

माणसाला माणूस भेटतो, तो बहुतेक वेळा काहीतरी बंद पडल्यामुळे. लिफ्ट नीट चालते त्या इमारतीत लोकांना एकमेकांच्या फक्त चपला ठाऊक असतात. लिफ्ट अडकली, की कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे इथपर्यंत ओळख पोहोचते. तज्ज्ञांच्या मते (तज्ज्ञ म्हणजे आबा) दहापैकी नऊ स्नेहसंबंध बिघाडातून जन्माला येतात. दहावा लग्नातून, आणि बिघाड त्यातही असतोच.

आबा वजनमापं तपासणारे निवृत्त अधिकारी. नोकरीत ते ज्या ज्या दुकानात गेले, तिथे त्यांना पाहून कोणाला आनंद झाल्याची नोंद नाही. आता मुलगा आणि सूनबाई आपापल्या खोलीत आपापल्या पडद्यासमोर बसत आणि आबा हॉलमध्ये, दाराकडे तोंड करून.

घरातलं ब्रॉडबँड मात्र आदर्श होतं. ढग आले की जायचं, ऊन पडलं की जायचं, वरच्या मजल्यावर कोणी खिळा ठोकला की हमखास जायचं. मग नेटवाला यायचा. त्याची कार्यपद्धती ठरलेली होती: प्रथम नेटच्या डब्याकडे पाहून 'हं' म्हणणे, नंतर डबा बंद करणे, वाट पाहणे, आणि पुन्हा चालू करणे. यातलं वाट पाहणं खरं तर अर्ध्या मिनिटाचं. पण कामात घिसाडघाई दोघांनाही खपत नसे, म्हणून तेवढ्यात चहा व्हायचा आणि बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. डाव एका बिघाडात संपत नसे. मग पट तसाच अलगद उचलून कपाटावर जाई, पुढच्या बिघाडापर्यंत. (त्याला हात लावायला घरात सक्त मनाई होती. धूळ फुंकर मारून काढावी, तीही लांबून.)

चालू डावात आबा एका हत्तीने पुढे होते. नेटवाल्याशी खेळायला लागल्यापासून पहिल्यांदाच ते जिंकणार होते, आणि ही बातमी त्यांनी दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना देऊन ठेवली होती.

नेमकी तेव्हाच सूनबाईची बढतीची मुलाखत होती. ऐन प्रश्नाला नेट गेलं आणि तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले अशा अवस्थेत ती साहेबांच्या पडद्यावर गोठली. बढती मिळाली. (साहेबांचा शेरा: विचार करून बोलतात.) पण तिने त्याच संध्याकाळी ब्रॉडबँड काढून टाकलं आणि साबणाच्या वडीएवढा मोबाईल राउटर घरी आणला.

"वायर नाही, काही नाही. उचला आणि कुठेही न्या," ती म्हणाली.

"आणि बिघडलं तर कोण येतं?"

"कोणी यायची गरजच नाही, आबा. तोच तर फायदा आहे."

राउटर चालू लागला तो चालतच राहिला. ढग येऊन गेले, ऊन पडलं, वरच्यांनी तर अख्खी भिंत पाडली, पण हिरवा दिवा काही ढळला नाही. आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. नेट बंद असल्यास एक दाबा, हळू असल्यास दोन दाबा. चालू असल्यास काय दाबावं, याची सोयच नव्हती. आबांनी ही गंभीर त्रुटी फोनवरच्या मुलीच्या निदर्शनास आणून दिली.

"पण काका, मग तक्रार काय आहे?"

"हीच," आबा म्हणाले.

राउटर कुठेही नेता येतो, हे मात्र खरं होतं. आबांनी तो स्टीलच्या डब्यात ठेवून पाहिला, वॉशिंग मशीनमागे ठेवून पाहिला. शेवटी तांदळाच्या पिंपात तळाशी पुरला. त्या दिवशी सूनबाई म्हणाली, "आज काय सुसाट चाललं होतं हो नेट." आबांनी जड अंतःकरणाने तिचं अभिनंदन केलं.

आता कोणी म्हणेल, नेटवाल्याला सरळ घरी बोलवावं की. आबांनी तेही केलं.

"बोला आबा, काय बिघडलंय?" नेटवाल्याचा आवाज एकदम खुलला.

"काही नाही. सगळं छान चाललंय."

"मग?"

काही बिघडलेलं नसताना एका माणसाने दुसऱ्याला कशासाठी बोलवावं, याची तरतूद आबांना उभ्या नोकरीत कुठल्या नियमात आढळली नव्हती. "चुकून लागला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते कपाटावरच्या हत्तीकडे बघत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने तांदूळ काढायला पिंपात हात घातला. हाताला लागलं ते तिने बाहेर काढलं, पुसलं, आणि एकदा कपाटावरच्या पटाकडे पाहिलं. जेवताना आबांनी ठराव मांडला: ब्रॉडबँड पुन्हा घ्यावं.

"अहो पण आबा, हे व्यवस्थित चालतंय ना?" मुलगा म्हणाला.

"म्हणूनच म्हणतोय."

मुलगा आणखी काही बोलणार, तोच सूनबाईने राउटर ताटाशेजारी ठेवला. त्याच्या फटीत तांदळाचा एक दाणा अडकला होता.

"घेऊ या," ती म्हणाली. "एक चालायला, एक बंद पडायला."

नेटवाला आला. हत्यारांची पिशवी उघडण्याआधी त्याने विचारलं, "पट कुठाय?" आणि चहा निवायच्या आत आबांना मात दिली.

"तुमचा हत्ती इतके दिवस डोक्यातून जाईना, आबा," तो ओशाळून म्हणाला. "हल्ली सगळ्यांचंच नेट चालतं. मला दुसरं काम कुठाय?"

आबांनी नवा डाव मांडला. (दूधवाल्याला बरोबरी झाल्याचं कळवण्यात आलं आहे.)

आता त्या घरात दोन जोडण्या आहेत. वायरच्या जोडणीवर एकही फोन नाही, एकही संगणक नाही. तरी ती इमानेइतबारे बंद पडते. दिवा लाल झाला, की आबा इस्त्रीचा सदरा चढवतात आणि चहाचं आधण ठेवतात.

तुमच्या घरचं नेट कधीच बंद पडत नाही, असं तुम्ही चारचौघांत सांगत असता. अभिनंदन. आता एकच करा. तुमच्या दाराची बेल अजून वाजते का, ते कोणाला तरी दाबायला सांगून तपासून घ्या. कोणाला सांगायचं, ते आठवायला हवा तेवढा वेळ घ्या. नेट चालूच आहे.