बापूराव सरांची मैलभर चाल

दरवर्षी जुलैच्या एक तारखेला आमचे शेजारी बापूराव सर कुजबुजायला लागतात. पुरते तीन दिवस. नव्या दूधवाल्याला वाटलं, घरात कोणीतरी गेलं.

घरात सर एकटेच. दारव्ह्याच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. कुजबुजण्याचं कारण गेटिसबर्ग. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण आपसात लढली, त्यातली ही तीन दिवसांची लढाई. सरांच्या लेखी ती दरवर्षी नव्यानं होते.

"हळू बोल नं बापा, छावणीत पोट्टे झोपून राह्यले."

"सर, आपल्याले काय करा लागते त्याहीचं?"

"काहून? तिकडचा कापूस अडला म्हणून आपल्या वऱ्हाडाच्या कापसाले भाव आला. त्या पोट्ट्याहीच्या मरणावर आपल्याकडं माड्या चढल्या."

भिंतीवर त्या युद्धाचा नकाशा. त्यात अँटिटमच्या लढाईतलं मक्याचं शेत. "एका सकाळीत कापून निघालं. मका नाही, माणसं." विक्सबर्गच्या वेढ्यात लोकांनी खेचरं कशी खाल्ली, हे ते मला पोहे वाढता वाढता सांगतात.

तीन तारखेला दुपारी सर एकटेच शेतावर जात. यंदा गुडघा धरला, म्हणून मी त्यांना स्कूटरवर नेलं.

"तीनच्या सुमारास दक्षिणेचे बारा हजार जण झाडीतून निघाले," ते लिंबाखाली उभं राहून म्हणाले. "समोर मैलभर उघडं रान, पल्याड दगडी भिंत. तिथंच युद्ध फिरलं. चाल. मागं पाहू नको."

वारा पडला होता. एक पाखरू बोलत नव्हतं. वीतभर कपाशीतून आम्ही दोघं चालत होतो, पण ओल्या मातीवर पावलं दोघांहून जास्त जणांची वाजत होती. मग कोणीतरी खोकललं. अगदी पाठीशी.

"सर, तुम्ही खोकलले?"

"मी नाही."

मागं पाहायची हिंमत झाली नाही.

शेताच्या टोकाला दगडी धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, होता. त्याच्या वीस पावलं अलीकडं सर थांबले.

"दरसाल इथूनच वापस फिरतो. तिकडून श्याम येऊन उभा राह्यते."

श्यामराव म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. पलीकडचं शेत त्याचं. हातभर धुऱ्यावरून दोघे कोर्टात गेले, त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद.

"मग काय म्हणते तो?"

"काही नाही. टोपी काढते. मी फिरलो का तो बी जाते."

मी पलीकडं पाहिलं. कोणी नव्हतं. असणार कुठून? श्यामराव फाल्गुनातच वारले होते, आणि सर मातीला गेले नव्हते. ही गोष्ट अख्ख्या गावाला माहीत होती.

सर बराच वेळ रिकाम्या धुऱ्याकडं पाहत राहिले. मग निघाले. वीस पावलं चालले, दगडांना धरत, गुडघा ओढत पलीकडं उतरले आणि मटकन खाली बसले. मला वाटलं, पडले. मी धावलो.

श्यामरावांच्या बायकोनं कपाशी लावली होती, पण निंदण झालं नव्हतं. रोपं तणात बुडाली होती. सर एका तासातलं, म्हणजे ओळीतलं, तण दोन्ही हातांनी उपटत होते.

"श्यामले तण खपत नव्हतं," ते म्हणाले. "लहानपणी माह्या तासातलं बी तोच काढे. तू जाय. मी एवढं तास संपवतो."

मी गेलो नाही. धुऱ्यावर बसून राहिलो. एका टोकापर्यंत जाऊन सर वळले आणि त्यांनी दुसऱ्या तासाला हात घातला.