भर उकाड्यात कोटांचा हंगाम

शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी दुकानाच्या काचेआड उभ्या असलेल्या पुतळ्याची मिशी घसरली. आधी डावी बाजू सुटली, मग उजवी, आणि सगळी मिशी हनुवटीवर येऊन थांबली. पुतळ्याच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट होता, गळ्यात मफलर, हातात मोजे आणि डोक्यावर कानटोपी. बाहेर फुटपाथवर माणसं अर्ध्या बाह्यांत हिंडत होती. दोघंतिघं थांबली, हसली. एकाने फोटो काढला आणि "बिचाऱ्याचा डिंकसुद्धा घामेजला!" म्हणून पुढे गेला.

आतून टापटीप हे सगळं बघत होता. हे नाव त्याला दुकानानेच दिलेलं. तो तळमजल्याचा मुख्य सेल्समन. गळ्यात टेप, बूट आरशासारखे, आणि केसांचा भांग असा, की फूटपट्टीने आखलाय की काय! तेवीस वर्षं तो कोट विकत होता आणि घरी, दारी, विशेषतः सासऱ्यांसमोर, "तळमजला माझ्याकडे असतो" हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी बोलत असे.

आता मुळात हे कोट एवढ्या लवकर काचेत आले कसे? तर टापटीपनेच आणवले. उन्हाळ्यातल्या मीटिंगमध्ये त्याने छातीवर हात मारून सांगितलं होतं, "मालक, यंदा थंडी लवकर! लिहून ठेवा!"

"कशावरून?" मालकांनी विचारलं.

"तेवीस वर्षांचा संबंध आहे. निघायच्या आधी मला निरोप पाठवते ती."

मालकांचा भाचा तेव्हा हाफ पँट आणि पोहण्याचे कपडे अजून महिनाभर तळमजल्यावर ठेवा म्हणत होता. त्याला हसून वरच्या मजल्यावर पाठवण्यात आलं. गोदाम कोटांनी गच्च भरलं. आणि थंडीने निरोप पाठवला तो असा: कॅलेंडरात पानगळ लागली, पण झाडांना कुणी कळवलंच नाही. एक पान पिवळं होईना. ऊन रोज उगवत होतं आणि रोज मागच्या दिवसाला वेडावून दाखवत होतं.

लोकांचं तर काही ठरतच नव्हतं. "काय ही हवा! हे काही चांगलं लक्षण नाही हं!" असं जो तो म्हणे, आणि म्हणताना बागेतल्या कारंज्यात पाय सोडून बसलेला असे. जगाचं कसं होणार, या काळजीने माणसं इतकी हवालदिल झाली होती, की त्यापायी रोज संध्याकाळी फिरायला जात होती.

मालक आले ते मान पुसत. पुतळ्यासमोर उभे राहिले. मिशीकडे बघितलं, मग टापटीपकडे.

"किती कोट गेले?"

"मालक, हंगामाची आत्ताशी सुरुवात—"

"एकही नाही ना? रविवारी संध्याकाळी मी येतो. कोट हलले असले तर ठीक. नाहीतर सोमवारपासून तळमजला भाच्याकडे आणि तुम्ही तळघरात."

"तळघरात काय आहे?"

"हँगर," म्हणून मालक गेले.

दुसरा कुणी असता तर खचला असता. टापटीपने मिशी उचलली, खिशात घातली आणि कॅशिअरबाईंच्या काउंटरवर कोपर टेकलं.

"बाई, एक गोष्ट सांगतो. गिऱ्हाइकाला कोट विकायचा नसतो. थंडी विकायची असते! कोट तो आपणहून मागतो."

"आणि थंडी कुठून आणणार?"

टापटीपने नुसतं छताकडे बघितलं. तिथे एसी होता.

अकरा वाजता एसी सोळावर गेला. समोर दोन मोठे पंखे लागले, दाराला जाड पडदा आला. साडेअकराला पुतळा एकटाच सुखी दिसत होता. बारा वाजता कॅशिअरबाईंनी एक कोट चढवला, साडेबाराला त्यावर दुसरा.

"बिल करायला बोटं वळत नाहीत हो माझी!"

"बिल करायची वेळ येऊ द्या, वळतील!"

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दोन हातांत दोन पिशव्या घेतलेली एक घामाघूम बाई. आत पाऊल टाकताच "आहाहा!" म्हणाली आणि थेट एसीखाली जाऊन डोळे मिटून उभी राहिली. टापटीप हलला नाही. मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तसा दबा धरून राहिला. थोड्या वेळाने बाईने खांदे आखडले. मग हात चोळले. मग इकडेतिकडे बघत ते सोन्यासारखं वाक्य उच्चारलं, "एखादा कोट दाखवता का हो?"

टापटीपच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं! त्याने निळा कोट तिच्या अंगावर असा चढवला, की जणू राज्याभिषेकच.

"बसून बघते जरा," बाई म्हणाली आणि सोफ्यावर बसली. पाय वर घेतले. फोन लावला. "अगं, ये इकडे! काय सुख आहे म्हणून सांगू! नाही नाही, घ्यायचं काही नाही. तू नुसती ये!"

तासाभराने तिने कोट काढून हँगरला नीट लावला. "फार सुंदर आहे. बाजूला ठेवा हं! उद्या दुपारी येतेच."

संध्याकाळपर्यंत असे अकरा कोट बाजूला ठेवले गेले. टापटीप खुशीत होता. "बाजूला ठेवलेला कोट म्हणजे निम्मा विकलेला कोट," त्याने कॅशिअरबाईंना सांगितलं. बाईंच्या गल्ल्यात अजून कालचीच मोड होती, पण दात वाजत असल्यामुळे त्या काही बोलल्या नाहीत.

शनिवारी सकाळी त्याचे सासरे आले.

ते एकटे आले नव्हते. बागेतल्या त्यांच्या बाकावरची अख्खी मंडळी बरोबर होती. "या रे, या! लाजू नका, जावयाचाच तळमजला आहे!" असं म्हणत त्यांनी सगळ्यांना आत घेतलं. तेवीस वर्षं रोज ऐकवलेलं वाक्य असं सोफ्यावर येऊन बसलं.

"जावईबापू, घरी नुसतं भट्टीत बसल्यासारखं होतं हो. आम्ही आपले कोपऱ्यात पेपर वाचतो. आमच्याकडे लक्ष देऊ नका."

"बाबा, पण हे दुकान आहे."

"मग? गिऱ्हाईक नको का दुकानात?" सासऱ्यांनी अंगावर शहारा आणला. "जरा गार आहे. तो राखाडी द्या बघू."

दुपारपर्यंत प्रत्येकाचा कोट ठरून गेला. राखाडी सासऱ्यांचा. तपकिरी निवृत्त पोस्टमनचा. पट्ट्यांचा कोट एका दाढीवाल्याचा, त्याच्या खिशात त्याने आपला चष्मा ठेवायला सुरुवात केली. कालची निळ्या कोटाची बाई बहिणीला, नणंदेला आणि नणंदेच्या शेजारणीला घेऊन आली, तर निळा कोट दुसऱ्याच बाईच्या अंगात!

"हा माझा आहे!"

"विकत घेतलाय का?"

"म्हणून काय झालं? मी कालपासून घालतेय!"

मग हवेवरून दोन तट पडले. एसीखालचा तट म्हणे, "माणसं बसलीत की मासे ठेवलेत? बावीसवर करा!" दाराजवळचा तट म्हणे, "इथे काही पोचत नाही, अजून वाढवा!" पोस्टमनने हात वर करून मतं मोजायला घेतली. बाहेर उकाड्याला शिव्या देणारी ही माणसं आत आल्यावर थंडीला शिव्या देत होती. हवेबद्दल त्यांचं एकमत एवढंच होतं, की ती टापटीपच्या चुकीमुळे अशी आहे.

संध्याकाळी त्याने धीर करून हळूच एसी बंद केला. तीन मिनिटांत तक्रार आली.

"अहो टापटीप, गिऱ्हाईक म्हणून आम्हाला काही किंमत आहे की नाही?"

"तुम्ही काही घेणार आहात का?" त्याने शेवटी विचारलंच.

"घेऊ की! थंडी तर पडू द्या!" सासरे म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एसी पुन्हा सोळावर गेला.

रात्री बायकोने विचारलं, "अहो, बाबा म्हणत होते, दुकानात पाय ठेवायला जागा नाही म्हणे! मग तोंड का असं?"

टापटीपने आठ वेळा शिंकून उत्तर टाळलं.

रविवारी दुकानाबाहेर रांग लागली. एक आत जाणार तर एक बाहेर येणार, असा नियम पोस्टमनने घालून दिला होता आणि दाराशी उभा राहून तोच तो पाळायला लावत होता. आतली प्रत्येक व्यक्ती कोटात होती. बाहेर मांडलेले कोट संपले तेव्हा कुणीतरी पुतळ्याचाही काढून घेतला.

साडेपाचला मालक आले, बरोबर भाचा. भाच्याच्या हातात आखणीचा कागद होता, हाफ पँट कुठे आणि पोहण्याचे कपडे कुठे याचा. मालकांनी रांग बघितली आणि चालता चालता थबकले. काचेतून आत बघितलं. भाच्याच्या हातातला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि त्याच्याच खिशात कोंबला.

"मालक, जरा बोलायचं होतं," टापटीप पुढे झाला.

"काय बोलायचं राहिलंय? डोळ्यांना दिसतंय!"

"मालक, बिल एकही—" कॅशिअरबाई दोन कोटांच्या आतून ओरडल्या.

"एकही चुकता कामा नये! सावकाश करा!" मालक गर्दीत घुसले. समोर राखाडी कोटातले सासरे होते. "काय काका, कसा काय वाटतो कोट?"

"काय सांगू! याच्याशिवाय इथे बसणं अशक्य! दोन दिवस अंगावरून उतरला नाही."

"वा! आणि घरी?"

"घरी कशाला? घरी उकडतं!"

मालक खदखदून हसले आणि त्यांनी सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यांना वाटलं, म्हातारा मोठा विनोदी आहे. तिथल्या तिथे त्यांनी कारखान्याला फोन लावला. "आणखी पाठवा! अहो, आहेत तेवढे! ट्रक भरून ठेवला होतात ना? सोडा आत्ताच्या आत्ता!"

टापटीपने तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं आणि ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजपासून तळमजलाच काय, सगळं दुकान टापटीपकडे!"

सासऱ्यांनी अभिमानाने बाकावरच्या मंडळींकडे बघितलं.

टापटीपने तोंड मिटलं.

आणि एसी बंद पडला.

तीन दिवस सोळावर राबलेला तो जीव. आधी घरघरला, मग उचकी दिल्यासारखा हलला, मग पोस्टमनच्या डोक्यावर थोडं पाणी सांडून गप्प झाला. माणसं वर बघत राहिली. दहा मिनिटांत पहिलं बटण सुटलं. मग जी पळापळ झाली! माणसं कोटांतून अशी बाहेर पडली, जशा शेंगांतून दाणे. कोट सोफ्यावर पडले, काउंटरवर पडले, पुतळ्याच्या डोक्यावर पडले, आणि हात रिकामे दिसले म्हणून लोकांनी ते मालकांच्या हातांवर ठेवले. "धन्यवाद हं! फार छान सोय केलीत!" असं प्रत्येक जण म्हणून गेला. दाढीवाला परत येऊन चष्मा घेऊन गेला.

मालक कोटांच्या ढिगाआड नाकापर्यंत बुडाले होते. ढिगातून फोन वाजला. भाच्याने काढून त्यांच्या कानाला लावला. कारखान्याचा माणूस सांगत होता, ट्रक निघाला.

"किती विकले?" मालकांनी ढिगातूनच विचारलं.

कॅशिअरबाईंनी दोन्ही कोट काढले, घड्या घातल्या आणि उत्तर दिलं, "हे दोन धरून, एकही नाही."

सोमवारी ट्रक दाराशी आला तेव्हा ऊन आदल्या दिवसापेक्षा कडक होतं. मालक खुर्चीत मान टाकून बसले होते. भाचा जिन्यावरून पोहण्याचे कपडे खाली आणत होता. टापटीपने गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि तळघराची चावी मागायला हात पुढे केला.

तेवढ्यात एक माणूस आत शिरला. लुंगीसारखं फडकं गुडघ्यापर्यंत, कोपरापर्यंत ओले हात.

"सगळ्यात जाड कोट कुठला?"

एसी बंद असताना हा प्रश्न! तेवीस वर्षांची सवय उसळून आली. "या ना, या! कुणासाठी हवाय?"

"बर्फासाठी. मी बर्फ विकतो. या हवेत दुपारपर्यंत निम्म्या लादीचं पाणी होतं. आमच्या आईचा जुना लोकरीचा कोट गुंडाळला, तर पुष्कळ टिकली. पण तो फाटलाय."

टापटीपने मालकांकडे बघितलं. मालक खुर्चीत सरळ झाले होते.

"माप काय घेऊ?" टापटीपने टेप पुन्हा उलगडली.

"मापाचं काय! बर्फ आहे. कोटात मावेल तसा फोडू."

कॅशिअरबाईंनी हंगामातलं पहिलं बिल केलं. माणूस कोट खांद्यावर टाकून दारापर्यंत गेला आणि वळला. "लादी संध्याकाळपर्यंत टिकली तर बाजारातले सगळे बर्फवाले, मासेवाले घेऊन येतो. नाही टिकली तर कोट परत घ्यावा लागेल हं!"

ट्रक अजून दाराशी उभा आहे. मालकांनी तो उतरवायलाही सांगितलेलं नाही आणि परत पाठवायलाही. तळघराची चावी काउंटरच्या मधोमध ठेवलेली आहे. तिच्या एका बाजूला टापटीप, दुसऱ्या बाजूला भाचा. पावणेपाचला कॅशिअरबाई बाजारात जाऊन लादी बघून आल्या. त्यांनी सांगितलं, की कोटाची बटणं लावलेली आहेत, डावी बाही थोडी ओली आहे, आणि आत किती बर्फ आहे ते बर्फवाला कुणाला उघडून बघू देत नाही.