'सायकलीला दोन घंट्या' आणि भडंगाचा दाणा

एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालचं 'सायकलीला दोन घंट्या' हे गाणं मंगळवारी सकाळी स्वतः जिना चढून कोल्हापूरच्या किस्सा नोंदणी कार्यालयात आलं आणि चपला दाराशी काढून काशीदबाईंच्या टेबलासमोर बसलं.

काशीदबाईंना यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं. ऐंशीच्या दशकातली हिट गाणी त्या आठवड्यात रोजच येत होती. नियमच तसा निघाला होता. ज्या गाण्यामागे नोंदवलेला किस्सा नाही, त्याला उद्यापासून हिट म्हणायचं नाही, त्याची बदली थेट 'कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं' या वर्गात. आणि त्या वर्गात गेलेलं गाणं परत आल्याचं बाईंनी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. आज पाच वाजेपर्यंत मुदत होती.

"किस्सा सांगा," बाई म्हणाल्या.

"किस्साच नाही, किस्साच नाही," गाणं म्हणालं. पहिली ओळ दोनदा म्हणायची त्याला सवय होती.

बाईंनी चष्मा पुसला. "असं कसं? कवीनं एस.टी.च्या तिकिटामागं लिहिलं असेल."

"वहीत लिहिलं. समास सोडून."

"गायिकेला एकशेचार ताप होता?"

"ठणठणीत होत्या."

"निर्मात्यानं आधी नाकारलं असेल. सगळेच नाकारतात."

"लगेच हो म्हणाला. वर सगळ्यांना थालीपीठ दिलं."

बाईंना खरोखर वाईट वाटलं. इतकं सरळ वळणाचं गाणं त्यांच्याकडे आजवर आलं नव्हतं.

"चाळीस वर्षं वरातीत नाचवलं लोकांना," गाणं म्हणालं. "आता तीच माणसं मान वाकडी करून म्हणणार, कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय." आणि ते खोकलं.

"बरं नाही का?"

"बरं आहे. दुसऱ्या ओळीनंतर खोकला येतोच. जन्मापासूनचा आहे."

हे बाईंनाही ठाऊक होतं. वरातीत बँडवाला त्या जागेवर आला की सगळी वरात थांबून खोकायची, ही रीतच पडली होती. स्वतःच्या लग्नात बाईही मुंडावळ्या सांभाळत खोकल्या होत्या आणि सासूबाईंनी पंधरा दिवस आलं-गूळ चारला होता. पण त्या काळी वादक, गायिका सगळे एका खोलीत बसून गाणं एका दमात रेकॉर्ड करायचे. कोणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून; मग खोकला राहून जाईल कसा?

"हा खोकला कोणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझाच."

"गाण्याला घसा नसतो. कोणाचा तरी घेतलेला असणार."

बाईंनी त्या रेकॉर्डिंगची जुनी हजेरी काढली. अकरा वादकांपैकी हयात एकच होते, सायकलची घंटी वाजवणारे रंगराव मुळीक. त्यांना बोलावणं धाडलं. पावणेपाचला ते गळ्यावर हात ठेवून आले, गाण्याला पाहून दारातच थबकले आणि मग त्याच्या शेजारी बसले.

"लई उंच झालास की," ते गाण्याला म्हणाले.

"खोकला तुमचा का?" बाईंनी विचारलं.

रंगरावांनी मान खाली घातली. "माझाच, बाईसाहेब. घंटीला एकच हात लागतोय. दुसरा मोकळा व्हता, त्यानं भडंग खाल्लं. चाल लावणाऱ्या मास्तरांनी इचारलं, कोण खोकलं? मी गप ऱ्हायलो. मास्तर म्हणाले, असू द्या, बरं वाटतंय."

"आणि चाळीस वर्षं बोलला नाहीत?"

"घंटीवाला म्हणून नाव व्हतं माझं. खोकणारा म्हणून कोण वळखणार? लाज वाटली."

"किस्सा उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "फक्त पडताळणीसाठी एकदा खोकून दाखवा."

"तेच येत न्हाई. त्या दिवसापास्नं खोकलोच न्हाई. भडंगाचा दाणा हितं घशात अडकलाय आन् खोकला गेला ह्या गाण्यात."

पाचला चार मिनिटं होती. गाण्यानं रंगरावांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. खोकला परत दिला आणि म्हाताऱ्यानं ठेवून घेतला, तर वरात थांबणार कशावर? त्याच्याजवळ दुसरं होतंच काय?

"घ्या," गाणं म्हणालं. या वेळी एकदाच म्हणालं.

रंगराव खोकले. हुबेहूब तोच. भडंगाचा दाणा टेबलावर पडला, जरा पिवळसर, बाकी जसाच्या तसा. काशीदबाईंनी तो टाचणीनं फाइलीला लावला, किस्सा लिहिला आणि शिक्का मारला. पाच वाजले.

रंगरावांनी दोनदा श्वास घेऊन पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी गाण्याच्या पाठीवर हात ठेवला.

"खोकला घेऊन जा तुझा. माझं काम झालं."

गाणं चपला घालून जिना उतरू लागलं. दुसरी ओळ संपली, खालून खोकला ऐकू आला, आणि सगळं कार्यालय फाइलींतून मान वर न काढता खोकलं. रंगराव तेवढे खोकले नाहीत. त्यांनी खिशातून भडंगाची पुडी काढली.

"हितं खाल्लं तर चालतंय न्हवं?"

काशीदबाईंनी नियमावली उघडून नीट पाहिलं.

"खा," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डिंग चालू नाही."