भिंतीवरची भूमिका

"मोठा रोल आहे," फोन खाली ठेवत नटवर्यांनी बायकोला सांगितलं. "नायिकेचा बाप! सगळी मालिका त्याच्याभोवती फिरते म्हणे."

"ते ठीक आहे," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "पण तुम्हाला बोलायला काही..."

"वाक्यं आहेत का?" नटवर्यांनी तिचं वाक्य पुरं केलं. "असणारच की! बाप म्हटल्यावर बोलल्याशिवाय राहतोय होय?"

दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची त्यांना खोडच होती. उभी हयात रंगभूमीवर गेलेली. तिथे समोरचा अडला की त्याचा शब्द हळूच पुरवायचा, म्हणजे प्रेक्षकांना पत्ता लागत नाही आणि नाटक पुढे सरकतं. नटवर्यांना स्वतःची सोडून बाकी सगळ्यांची वाक्यं पाठ असतात, असं त्यांचे हितशत्रू म्हणायचे. पण आवाजाला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. माइकशिवाय तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. त्या शेवटच्या रांगेत बसून एका मुलीनं तो ऐकला आणि घरी हट्ट धरला, की लग्न करीन तर याच्याशीच. तीच मुलगी आता भाजी चिरत होती.

पुढे नाटकं आटली आणि नटवर्य पडद्याकडे वळले. तिथे ते कधी डॉक्टर झाले, कधी न्यायाधीश, कधी लग्नातले पाहुणे. डॉक्टर नुसती मान हलवून बाहेर यायचा, न्यायाधीशाच्या हातात हातोडा असायचा आणि पाहुणे बिचारे जेवून निघून जायचे. आपला आवाज एकदा तरी टीव्हीवर घुमावा आणि बायकोनं पुन्हा एकदा त्या शेवटच्या रांगेतल्यासारखं आपल्याकडे बघावं, एवढीच एक इच्छा नटवर्यांच्या मनात शिल्लक होती.

शूटिंगला ते ठेवणीतला कोट घालून गेले. तिथे त्यांना एका खुर्चीत बसवण्यात आलं.

"थोडं हसा काका," फोटोग्राफर म्हणाला. "एवढं नको हो! मेलेल्या माणसाला शोभेल इतकंच."

फोटो निघाला. "आता सीन कुठला?" नटवर्यांनी हात चोळत विचारलं.

"झालं की काका! तुम्ही पहिल्या भागाच्या आधीच गेलेले आहात. हा फोटो दिवाणखान्यात लागेल."

इतक्या लवकर नवरा घरी परतलेला पाहून बायको चकित झाली. "एका टेकमध्ये ओके," नटवर्य म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

मालिका सुरू झाली. गंमत अशी, की त्या घरातली सगळी माणसं भांडायला दिवाणखान्यातच येत. त्यामुळे नटवर्य रोज दिसायला लागले. इतकं काम त्यांना जन्मात मिळालं नव्हतं! खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर त्यांना जिन्यातच गाठलं.

"काय संयम हो तुमचा! सून तोंडाला येईल ते बोलत होती, पण तुमची पापणीसुद्धा हलली नाही."

नटवर्यांनी हे कौतुक म्हणूनच घेतलं. बायको मात्र काही म्हणत नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं. एकदा ती फोनवर बहिणीला सांगत होती, "हो गं, रोज असतात. म्हणजे तसे मागे, भिंतीवर..."

"टांगलेले," आतल्या खोलीतून नटवर्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच कोट चढवला आणि सेट गाठला. बाप मेला तर मेला, पण जिवंत असताना तो दोन शब्द बोलला असेलच ना? तेवढा एक जुना प्रसंग दाखवा, असं दिग्दर्शकाला स्पष्ट सांगायचं त्यांनी ठरवलं होतं.

सेटवर हलकल्लोळ माजला होता. काच पुसायला म्हणून सेटवाल्यानं फ्रेम उतरवली, ती हातातून निसटली, काच फुटली. फोटो तेवढा वाचला म्हणून त्यानं तो जपून टेबलावर ठेवला, आणि त्यावर कुणीतरी चहाचा अख्खा पेला उपडा केला. नवी प्रत संध्याकाळी मिळणार होती. नायिकेला दुपारीच दुसरीकडे रडायला जायचं होतं. दिग्दर्शक डोकं धरून बसला होता. त्यानं वर पाहिलं, तर दारात फोटो उभा!

"काका! देवासारखे आलात!"

"मी जरा त्या जुन्या प्रसंगाबद्दल..."

"ते नंतर बघू हो. कोटसुद्धा तोच? वा! अरे, भिंत प्लायवूडचीच आहे ना? कापा चौकोन!"

थोड्याच वेळात नटवर्य भिंतीमागे एका डगमगत्या स्टुलावर उभे राहिले आणि रिकाम्या फ्रेममधून जगाकडे पाहू लागले.

"काका, आता काहीही झालं तरी तुम्ही काही करायचं नाही," दिग्दर्शकानं बजावलं.

"इतकी वर्षं तेच करतोय," नटवर्य म्हणाले आणि मेलेल्या माणसाला शोभेल इतकं हसले.

सीन सुरू झाला. नाकावर माशी बसली, नटवर्य ढळले नाहीत. पायाला मुंग्या आल्या, तरी ढळले नाहीत. नायिका डोळ्यांत पाणी आणून फ्रेमसमोर उभी राहिली.

"बाबा, तुम्ही गेलात आणि आज या घरात..." ती अडली. "आज या घरात..." तिची नजर भिरभिरायला लागली. मघाशी तालमीत धडाधड म्हटलेलं वाक्य पोरीच्या डोक्यातून साफ उडालं होतं.

झालं! हाडीमाशी खिळलेली सवय ती, मेल्यावर तरी कशी सुटणार? नटवर्यांचे ओठ उघडले. हळूच पुरवायचं हे त्यांच्या ध्यानात होतं, पण आवाज इतकी वर्षं कोंडून पडलेला, तो कुणाचं ऐकतोय!

"माझं ऐकणारं कुणी उरलं नाही!"

प्लायवूड थरारलं. नायिका किंचाळून सोफ्यावर कोसळली. दाराआड भांडायला तयार उभी असलेली सून पार रस्त्यापर्यंत पळाली. "कट" म्हणायचं ते दिग्दर्शकानं, पण तोच खुर्चीखाली गेला होता. बाहेर आल्यावर तो ओरडला, "ठेवा! हाच टेक ठेवा! हिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी दिसलंय!"

"परवाच्या भागात मी बोलणार आहे," नटवर्यांनी घरी जाहीर केलं. बायको "बरं" म्हणाली, पण त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाक लवकर उरकला, केस नीट बांधले आणि टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली. नटवर्य कोट घालूनच शेजारी बसले.

नायिका आली, रडली, अडली. फ्रेममधला चेहरा पडदाभर झाला, ओठ उघडले आणि 'ढँण्ण!' असं संगीत सुरू झालं. ढोल वाजले, वीज कडाडली, नायिका चहूबाजूंनी दचकली. त्या गदारोळात नटवर्यांचे ओठ नुसतेच हलले. लगेच साबणाची जाहिरात लागली.

"बंद कर ते," नटवर्य कसंबसं म्हणाले. त्यांना रडू येत होतं.

बायकोनं टीव्ही बंद केला. "काय होतं हो वाक्य?"

"जाऊ दे ना आता."

"असं काय करता? मी मुद्दाम ऐकायला बसले होते. इतक्या वर्षांनी मला..." ती थांबली. नटवर्यांनी तिचं वाक्य पुरं केलं नाही. मग तीच उठली, खुर्ची उचलून थेट स्वयंपाकघराच्या दारात नेली आणि तिथे जाऊन बसली. "ही बघा, शेवटची रांग. म्हणा आता."

नटवर्य उठले. कोट सारखा केला, भिंतीला पाठ लावली, श्वास घेतला.

"आज या घरात माझं ऐकणारं कुणी उरलं नाही!"

फडताळातल्या कपबशा किणकिणल्या. दारातली बाई तोंडावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती, अगदी तेव्हासारखी.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या वहिनी धापा टाकत दारात उभ्या होत्या. "अहो, काय हे! टीव्हीचा आवाज जरा कमी करा ना! नात आत्ताच झोपली होती, दचकून उठली."

"अहो वहिनी, टीव्ही तर..." बायको म्हणायला लागली.

नटवर्यांनी हात वर करून तिला थांबवलं. रिमोट उचलला आणि काळ्या ठिक्कर पडद्यावर रोखून सावकाश बटण दाबत राहिले.

"आता?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"हां," वहिनी म्हणाल्या, "आता बरं."