पेडणेकरकाका मशीन बघतात

पेडणेकरकाका दुकानात कुठलंही यंत्र बघायला गेले की आधी ते बंद करायला लावतात. विकणारा वेगाचं कौतुक सांगत असतो आणि काका हात वर करून त्याला अडवतात. "भागता कितना है वो छोडो. रुकता कैसे है, वो दिखाव." सबाह अल-सालेम भागातल्या एका दुकानात ते माझ्यासोबत मिक्सर घ्यायला आले होते. त्यांनी तो इतक्या वेळा चालू-बंद केला, की शेवटी विकणाऱ्यानंच आम्हाला दुसरं दुकान सुचवलं.

आम्ही दोघं कुवेतमधल्या एका नेमबाजी क्लबात कामाला. मी खरेदी विभागात, काका काडतुसांच्या खोलीत. सरावात उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तिथं येतात. त्या साफ करायच्या, तपासायच्या आणि त्यात नवी टिकली, बारूद, गोळी बसवून पुन्हा वापरायला द्यायच्या, हे काकांचं काम. मूळचे मालवणकडचे. आले तेव्हा केस काळे होते, एवढंच ते स्वतःबद्दल सांगतात.

त्या खोलीत त्यांच्यासमोर नुरूल बसायचा. बांगलादेशातला, वयानं काकांच्याच आगेमागे, कानानं जरा जड. तो एकेक पुंगळी दिव्यासमोर फिरवून बघायचा आणि चिरलेली बाजूला टाकायचा, कारण ती बंदुकीतच फुटू शकते. बाकीच्या पुंगळ्या काका मशीनचा दांडा ओढून भरायचे. जुनं मशीन दांड्याच्या एका ओढीला एकच काम करायचं, त्यामुळे एक काडतूस पुरं व्हायला बराच वेळ जायचा. दोघांत कामापुरतं हिंदी. तिसऱ्या माणसानं तिथं तोंड उघडलं की काका दाराकडे बोट दाखवायचे. मुदीरसुद्धा, म्हणजे आमचे मॅनेजर अबू नासेरसुद्धा, निरोप द्यायचा तर काचेवर टकटक करून बाहेर थांबायचे.

मग सराव वाढला आणि मुदीरनी नवं, वेगवान मशीन घ्यायचं ठरवलं. यात एक गोल तबकडी असते. दांड्याच्या प्रत्येक ओढीला ती एक घर पुढं सरकते, सगळी कामं एकदम होतात आणि तयार काडतूस खाली पडतं. निवड काकांनी करायची, खरेदी मी.

काकांनी ते काम स्थळं बघायला निघालेल्या मुलाच्या आत्यासारखं केलं. एक मशीन अंगानं हलकं निघालं. दुसऱ्याचा दांडा 'उर्मट' वाटला. तिसऱ्याबद्दल म्हणाले, "रंग बघूनच माका झोप येता गो बाय." उन्हाळा गेला, हिवाळा आला. मुदीर विचारायचे आणि काका शांतपणे "बुकरा" म्हणायचे, म्हणजे उद्या. मला वाटायचं, या माणसाला वेगाचीच भीती आहे.

शेवटी एक विक्रेता मशीन घेऊन क्लबातच आला. याला वर पुंगळ्या ओतायचं नळकांडं होतं, त्याला तो भरणी म्हणत होता. पुंगळ्या ओतल्या की मशीन त्या आपोआप उचलायचं. बारूद न घालता त्यानं नुसतं चालवून दाखवलं. लाह्या फुटाव्यात तशी काडतुसं पडत होती. मुदीर खूश झाले. काकांनी खिशातून एक चिरलेली पुंगळी काढली आणि भरणीत टाकली. मशीननं ती उचलली, गोळी बसवली आणि इतरांबरोबर ट्रेमध्ये सोडली.

काकांनी ती शोधून मुदीरच्या हातावर ठेवली. मोडक्या अरबीत म्हणाले, "हे मशीन घ्या, पण वरची भरणी नको. पुंगळी माणूस बघेल, माणूस ठेवेल."

मुदीरनी चीर अंगठ्यानं चाचपली. "ज़ेन," ते म्हणाले, म्हणजे ठीक. "खलास." ठरलं.

विक्रेत्याला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. तो हळूच म्हणाला, "मॅडम, कॅमेऱ्यानं पुंगळी तपासणारं मॉडेलही आहे आमच्याकडे. तुमच्या काकांना ठाऊक आहे. मुदीरसमोर त्याचं नाव काढू नका, अशी विनंती केली त्यांनी मला. का, ते नाही सांगितलं."

नव्या मशीनसाठी लोखंडी टेबल हवं होतं, म्हणून आम्ही अम्गरा या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. काकांनी वेल्डरला टेबल मुद्दाम समोरासमोर दोघं बसतील इतकं रुंद करायला सांगितलं, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पट्टी. मी विचारलं, "काका, त्या कॅमेऱ्याचं काय?"

काकांनी मला ठिणग्यांपासून मागं ओढलं.

"मशीनच पुंगळे बघूक लागला, तर नुरूल खंय जातलो?"

काम गेलं की अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जातो आणि अकाम्याशिवाय या देशात राहता येत नाही, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. नुरूलचं गावाकडचं घर नदीनं काठासकट गिळलं होतं. मी मुदीरना काहीही बोलले नाही.

मशीन बसलं. काही दिवसांनी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोलीपाशी गेले. दार किलकिलं होतं. आत कुणीतरी बोलत होतं, सलग, भरभरून. काका होते. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हा आम्ही मराठी मंडळी त्यांना भेटायला गेलो होतो. "झाला ता झाला," म्हणून त्यांनी चहा पाजून आम्हाला वाटेला लावलं होतं. आणि आता ते नुरूलला मालवणीत सांगत होते, की काकू शेजारणीवर रागावल्या की तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हशीला शिव्या द्यायच्या, आणि ते सांगताना हसत होते, डोळे पुसत होते.

 मला बघून ते उठून दाराशी आले.

"काका, त्याला मालवणी कळतं?"

"नाय. तेका कळणा नाय म्हणान तर सांगतंय. समजूत घालणा नाय, मधीच उठान जाणा नाय."

ते परत जाऊन बसले. नुरूलनं डबा बाजूला सारला आणि बंगालीत बोलायला लागला. हातानं त्यानं हवेत एक घर काढलं, मग तळहात आडवा फिरवून ते पुसून टाकलं. एक नाव तो पुन्हा पुन्हा घेत होता. बाईचं होतं की मुलीचं, मला कळलं नाही. काकांनाही कळलं नसावं.

ते पुढं वाकले आणि म्हणाले, "मगे?"